हैबतीच्या बंदुकीचा चाप

"पण बाबा, चाप हलका कराय तुमची हरकत काय?"

हैबतीने पुन्हा तेच विचारलं.

दस्तगीरबाबा पिराच्या ओट्यावर बसून उदाचं भांडं घासत होते. फकिरी घेण्याआधी त्यांची उमर संस्थानच्या शिलेखान्यात बंदुका दुरुस्त करण्यात गेली होती. संस्थान गेलं, शिलेखाना गेला. पण पंचक्रोशीतली कुठलीही बंदूक खोकायला लागली, की माणसं अजून त्यांच्याकडेच यायची.

हैबतीची रायफल खोकत नव्हती. तिचा चाप जड होता, एवढंच.

"किती जड?"

"रुतल्या गाडीचं चाक वडावं तसा वडाय लागतोय. तवर डुक्कर म्होरच्या गावात जातंय."

हैबती पक्का नेमबाज. हे तो स्वतःच सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं. गावच्या पारधीत खिंडीची जागा त्याच्या घराण्याची. हाकेवाले ओळ धरून खालून रान उठवणार, जनावर खिंडीत येणार आणि तिथे हैबतीचा बार होणार, असा रिवाज.

गेल्या पारधीला डुक्कर समोर आलं आणि बार झालाच नाही. हैबतीला पाहून ते माघारी फिरलं, आणि एका हाकेवाल्याची मांडी फाडून गेलं. तो हाकेवाला म्हणजे हैबतीचा धाकटा भाऊ दौलू. गडगडत जाऊन खाली ओढ्यात पडलेला सापडला.

आताही दौलू पायरीशी काठी घेऊन बसला होता. येऊ नको म्हटलं तरी आला होता.

"चाप हलका असता तर माझा भाऊ आज धड चालला असता, बाबा." हैबतीने काठीकडे बोट दाखवलं. "सोमवारी परत पारध हाय. गाव म्हणतंय, खिंडीत दुसरा बसवू."

बाबांनी बंदूक उघडून पाहिली. रिकामी होती. ती त्यांनी हैबतीच्या हातात दिली, आणि उदाचं भांडं समोर अंगणात नेऊन ठेवलं.

"हे तुझं डुक्कर. धर नेम."

हैबतीने गुडघा टेकून नेम धरला. हात असा स्थिर, की बघत राहावं.

"दौलू, डुक्कर ह्याच्या म्होरं आलं तवा तू कुठं हुतास? तितं जाऊन हुबा ऱ्हा."

दौलू हलला नाही.

"जाऊ द्या की बाबा," तो म्हणाला.

"जा."

...

काठी टेकत दौलू उठला. तो पार खाली चिंचेपर्यंत जाईल असं हैबतीला वाटलं. दौलू भांड्याच्या मागे गेला आणि तिथेच थांबला.

नळीच्या टोकावर भांडं. भांड्याच्या वर दौलूची छाती.

बंदूक खाली आली.

"तू तर खाली ओळीत हुतास."

"नव्हतो. कुत्रं डुकराच्या मागं लागलं. त्येला आवराय ओळ सोडून वर आलो. करवंदीच्या जाळीत हुतो."

"मला का न्हाई बोललास?"

"सांगून काय, दादा? तुला झोप लागली नसती."

...

हैबती उजव्या हाताच्या बोटाकडे बघत राहिला. गावभर ज्याच्या नावानं त्याने बोंब मारली होती, तो चाप त्या बोटाखाली तसाच घट्ट बसून होता.

"आणि मी वडत हुतो," तो म्हणाला. "जीव लावून वडत हुतो, बाबा."

मग त्याला रडू फुटलं. एवढा दांडगा गडी, पण पोरासारखा रडला. दौलू लंगडत परत आला आणि भावाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.



शेवटी हैबतीने तोंड पुसलं. बंदूक काखेला मारली.

"येतो बाबा. चाप हाय तसाच ऱ्हाऊ दे. आनखी जड झाला तरी चालंल."

बाबांनी ओट्याखालची हत्यारांची पेटी पुढे ओढली.

"आण हिकडं," ते म्हणाले. "आता तू डुकराच्या मागं बी बघशील. आता हलका करतो."