कुजलेल्या खांबांना गोणपाट

करंजखाडी बंदरातली बोहरा व्यापाऱ्यांची सागवानी घरं एकेक करून पाडली गेली. शेवटचं उरलं ते विधवा रुकैयाबाईंचं. नगरपालिकेचे मुख्याधिकारी खर्डेकर यांनी त्यावरही शेरा मारला, 'लाकूड पूर्ण कुजले आहे, इमारत धोकादायक.' मग ट्रक घेऊन ते स्वतःच पाडायला आले.

रुकैयाबाई ओट्यावर बसून होत्या. तेवढ्यात खर्डेकर मजुरांवर ओरडले, "नक्षीचे खांब जपून काढा! गोणपाट गुंडाळा, ओरखडा उठता कामा नये. माझ्या बंगल्यावर न्यायचेत."

बाई उठल्या. "साहेब, कुजलेल्या खांबांना गोणपाट कशाला? तुमचा शेरा खरा असेल तर ते इथंच, सगळ्यांसमोर जाळा. जाळवत नसतील, तर लाकूड चांगलं आहे असं लिहून द्या."

मजुरांचे हात थांबले. खर्डेकरांनी खांबांकडे पाहिलं, जमलेल्या लोकांकडे पाहिलं आणि लाकूड चांगलं असल्याचं लिहून दिलं.

निघताना मात्र ते म्हणाले, "घर वाचवलंत, बाई. पण तुमच्यामागं इथं राहणार कोण?"

कागदाची घडी घालून रुकैयाबाई एकट्याच आत गेल्या.