मोठी नाव, लहान होडी

"बाबा, शब्द आधी की चाल आधी?"

लतीफबाबा दर्ग्याच्या पायरीवर बसून एकतारीची तार पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्र्यंबक तीन वर्षं त्यांच्यापाशी गाणं शिकला होता. गळा तयार होता, आणि तयार आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. उद्या उरूस. उद्या त्याला स्वतःचं गाणं म्हणायचं होतं, आणि बाबा परवानगी देत नव्हते.

"उद्या हरी येईल," त्र्यंबक म्हणाला. "दरवर्षी येतो. माझ्याकडे न बघता जातो."

हरी त्याचा धाकटा भाऊ. सात वर्षांपूर्वी त्र्यंबक त्याला नको ते बोलला होता. त्या दिवसापासून हरी नदीपलीकडच्या गावात राहत होता.

"हे गाणं ऐकलं की तो थांबेल, बाबा."

"मग उद्यापर्यंत कशाला वाट बघतोस? नदीवर जाऊन म्हण."

दर्ग्याखालीच नदीकडे जाणारा उतार होता. पात्र रुंद. इथून कुणी बोललं तर पलीकडे पोचेपर्यंत अक्षरं गळून जात आणि नुसता सूर उरे. पलीकडच्या काठावर बसणारा भिवाआप्पा नावाडी तेवढ्यावरून ओळखायचा, की बाजारकरी आहेत, वऱ्हाड आहे, की कुणी अडलंय. तशी तो मोठी नाव काढी, नाहीतर लहान होडी.

त्र्यंबक पाण्यापाशी उभा राहिला. गायला.

'दार उघडे ठेवले मी, परतुनी ये भाऊराया…'

चाल सुरेख होती, खोटं का बोला. 'दार'वर एक हरकत, 'परतुनी'वर दोन, आणि 'भाऊराया'वर अशी तान, की वडावरचे बगळे उडाले.

पलीकडे भिवाआप्पा लगबगीने उठला आणि मोठी नाव घेऊन आला.

"वऱ्हाड कुठं हाय?" त्याने विचारलं. "मी सतरंजी बी झटकून टाकली!"

त्र्यंबकचा चेहरा उतरला. "वऱ्हाड नाही, आप्पा. मी… भावाला बोलावत होतो."

"अस्सं?" भिवाआप्पा त्याच्याकडे बघत राहिला. "मला वाटलं, नवरदेव निघाला." आणि रिकामी नाव घेऊन परत गेला.

त्र्यंबक पायरीवर येऊन बसला. बाबा तार पुसत होते.

तेवढ्यात एक बाई उतारावरून धावत आली. कडेवर लेकरू, त्याचा पाय सुजलेला. विंचू चावला होता, आणि दवाखाना पलीकडे. तिने कुणाकडे पाहिलं नाही. पाण्यात गुडघाभर शिरली आणि एकदाच हाक मारली.

"आप्पाऽऽ…"

सूर वर चढला आणि तिथेच फाटला. त्र्यंबकच्या अंगावर काटा आला.

पलीकडे भिवाआप्पा तोंडाला लावलेला तांब्या टाकून लहान होडीत उडी घेताना दिसला. एवढ्या वयाचा माणूस इतकं जोरात वल्हवताना त्र्यंबकने कधी पाहिलं नव्हतं. बाई होडीत बसली. होडी पलीकडे लागली. भिवाआप्पानेच लेकराला उचलून दवाखान्यात नेलं आणि थोड्या वेळाने परत येऊन तो काठावर बसला.

"तिला कुणी शिकवलं, बाबा?"



त्र्यंबक उठला. पुन्हा पाण्यापाशी गेला. चपला काढल्या. गाण्याची पहिली ओळ ओठांवर आली आणि तिथेच अडली. सात वर्षं ज्या नावाने हाक मारली नव्हती, तेच त्याच्या तोंडून निघालं.

"हरीऽ…"

तान नाही, हरकत नाही. आवाज अर्ध्यात बसला. उरलेलं गाणं त्याला म्हणताच आलं नाही.

पलीकडे भिवाआप्पा उभा राहिला. त्याने नावेकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं. दोन्ही तशाच बांधलेल्या ठेवल्या… आणि वळून गावाच्या वाटेने चढू लागला.



"त्याला हरीचं नाव ऐकू गेलं नसणार, बाबा… इतक्या लांब… मग तो कुणाला आणायला गेला?"

बाबांनी एकतारी बाजूला ठेवली होती. तेही पलीकडेच बघत होते.

ऊन उतरलं. वाटेवर आधी कुणी नव्हतं. मग भिवाआप्पाचं पागोटं दिसलं. त्याच्यामागे आणखी एक माणूस होता, आणि तो धावत उतरत होता.

त्र्यंबकने डोळे पुसले. त्याच्या आत काहीतरी आपोआप गुणगुणू लागलं होतं. शब्द होते की चाल होती, त्यालाच कळेना.

"बाबा," तो कसाबसा म्हणाला, "आधी शब्द की…"

"आधी होडी येऊ दे."