बोटभर अंतर

रक्ताचा ओढा वाहू लागला त्या काळची गोष्ट. त्या ओढ्यात एक गोल पेशी राहायची. तिच्या भिंतीवर चिमटे पहारा देत, आणि त्यांच्या शेपट्या आतल्या घंटेला बांधलेल्या असत. पण रीत अशी होती, की शेजारचे दोघे एकच जंतू धरून एकमेकांना बिलगले, तरच घंटा वाजे.

एका सकाळी थोरल्या चिमट्याने काटेरी जंतू पकडला. शेजारचा धाकटा म्हणाला, "दादा, जरा इकडे सरक, मीही धरतो."

"माझी पकड मला पुरे. तू तुझा शोध," थोरला गुरगुरला.

दिवसभर त्याने जंतू सोडला नाही आणि शाबासकीची वाट पाहिली. आत मात्र कुणाला पत्ताच नव्हता. तोवर त्या जंतूच्या भाऊबंदांनी ओढ्याकाठच्या निम्म्या पेशी फस्त केल्या.

"धाकट्या, धर रे बाबा!" थोरला शेवटी कळवळला आणि सरकला. घंटा घणघणली, आतून बाण सुटले, जंतू हटले.

सगळ्यांनी थोरल्याची पाठ थोपटली. तो मात्र मान खाली घालून उजाड काठाकडे बघत होता. पकडीत सकाळचाच जंतू होता, आणि तो स्वतः सरकला होता फक्त बोटभर.