येसूकाकूने मोडलेला नेम

एका गावात एक काकू होती आणि एक तिचा आवाज होता. काकू घरात बसलेली असली तरी आवाज वेशीपर्यंत फिरून येई. तिचं नाव येसू, पण गाव पाठीमागे तिला वणवाकाकू म्हणे. उन्हात कुणी उघड्या डोक्याने दिसला की ती ओसरीवरून कडाडे, "ए मेल्या, टाळकं शेकायला काढलंयस का? हो सावलीला!" पोरं, म्हातारे, खुद्द पाटीलसुद्धा निमूट सावलीला होत.

काकूची सून गरोदर होती. आधी दोनदा पाळणा टांगण्यापूर्वीच सारं संपलं होतं. म्हणून वैशाख लागताच काकूने देवीपुढे नारळ ठेवला. "आई, महिनाभर रागाचा एक शब्द तोंडातून काढणार नाही. माझ्या सुनेला तेवढी सुखरूप सोडव."

गावाला तर सणच झाला. पोरं मुद्दाम भर उन्हात तिच्या दारासमोर विटीदांडू खेळू लागली. "काकू, ओरडा की!" काकू पदर तोंडात धरी आणि आत जाऊन मिरच्या कांडी. त्या वैशाखात घरातलं तिखट इतकं बारीक झालं, की पाहुणे शिंकत आले आणि शिंकतच गेले.

अशात राजाच्या वेधशाळेकडून दवंडी आली. "ऐका हो ऐका! उद्यापासून या मुलखात उष्ण वारे सुटणार. सूर्य डोक्यावर आला की कलेपर्यंत कुणी उन्हात राबू नये, अनवाणी फिरू नये, पाणी पीत राहावं हो!"

नेमका दुसऱ्याच दिवशी देवीचा रथ ओढायचा होता. तोही भर माध्यान्ही, अनवाणी, उघड्या डोक्याने आणि निर्जळी उपासाने. गावाची तशी चालच होती.

काकू पाटलाकडे गेली. दात आवळून, होईल तितक्या गोड आवाजात म्हणाली, "पाटील, यंदा रथ पहाटे ओढू या का?"

पाटील हसला. "देवीच्या कामात ऊन लागतं होय? आणि काकू, हे बोलताय तुम्हीच ना? आवाज ओळखूच येईना हो!"

सगळी चावडी खिदळली. काकूच्या कपाळाची शीर तटतटली. पण तिला सुनेचं पोट आठवलं. ती मुकाट्याने परतली.

दुसऱ्या दिवशी रथ निघाला. पुढे डोक्यावर कलश घेऊन धुरपदा चालत होती. गावाची ती एकुलती एक सुईण. काकूच्या घरासमोर येईतो धुरपदा झोकांड्या खाऊ लागली. तिचे डोळे फिरले, कलश पडला, ती काहीबाही बरळू लागली.

"अंगात आलं!" पाटील ओरडला. "देवी आली! वाजवा रे जोरात!"

ढोल दुप्पट घुमले. कुणी तिच्या कपाळाला कुंकू फासलं, कुणी तापल्या फरशीवर तिच्यापुढे लोटांगण घातलं. तिला सावलीत न्यावं असं एकालाही वाटलं नाही.

काकू ओसरी उतरून धावली. तिने धुरपदेच्या अंगाला हात लावला. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही.

"पाटील, हिला ऊन लागलंय," ती हळूच म्हणाली.

"काकू, तुम्ही आपलं व्रत सांभाळा. देवीच्या आड येऊ नका."

काकूने देवळाच्या कळसाकडे पाहिलं. मग ओसरीवर उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि इतके दिवस कोंडलेला तो आवाज फुटला.

"बंद करा तो ढोल, मुडद्यांनो! जळ्ळी ती तुमची चाल! देवी अशी येते? आई लेकराला भाजून काढते? एका बाईचा जीव घेताय आणि वर तिच्याकडेच आशीर्वाद मागताय? थू तुमच्या भक्तीवर! व्हा सावलीला! सगळे!"

आणि काय सांगावं! अख्खं गाव समोरच्या वडाखाली पळालं. जन्माची सवय ती! सगळ्यांत पुढे पाटील.

"नुसते पळताय काय? उचला हिला! उपरणी भिजवा, अंगावर घाला. मानेवर, काखेत ओली फडकी ठेवा. वारा घाला. ए शहाण्या, तोंडात पाणी ओतू नकोस, शुद्ध नाही तिला, गुदमरेल! पाटील, बघत काय बसलात? काढा तो फेटा!"

पाटलाने जरीचा फेटा काकूच्या दारातल्या रांजणात बुडवला.

ऊन कलल्यावर धुरपदेने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. गावाने देवीचा जयजयकार केला. काकू मात्र देवळात जाऊन ढसढसा रडली. "आई, तोंड आवरलं नाही गं मला. रागवायचं तर माझ्यावर रागव, सुनेवर नको."

वैशाख सरता सरता सुनेला कळा सुरू झाल्या. मूल आडवं आलं होतं. काकू दाराबाहेर बसली. आत धुरपदा घामाने निथळत होती. तिने आपल्या मुरलेल्या हातांनी मूल हळूहळू फिरवलं. बऱ्याच वेळाने आतून असा टाहो फुटला, की चावडीवरचा पाटील दचकून सावलीला सरकला.

"घ्या, आजीचा आवाज घेऊन आलीय नात!" धुरपदा म्हणाली.

काकूने नातीला छातीशी धरलं. "धुरपदे, माझा नेम मोडला होता गं. तरी देवी पावली कशी?"

"काकू, देवीच्या आठ हातांत काय लाडू आहेत? त्रिशूळ आहे, तलवार आहे. तिला राग चालत नसता तर तिने ती कशाला धरली असती? त्या दिवशी तुम्ही नेम सांभाळला असता, तर आज या पोरीला फिरवायला कुणाचे हात आणले असते?"

तेव्हापासून त्या गावात रथ पहाटे निघतो. पायांत वहाणा असतात, डोक्याला पंचे असतात, वाटेवर पाणपोया असतात. आणि उन्हाची दवंडी आली की पाटील दवंडीवाल्याला आधी काकूच्या ओसरीवर पाठवतो. म्हणतो, "तुझं लोक नुसतं ऐकतात रे. तिचं मानतात."

जसा येसूकाकूच्या घरी पाळणा हलला, तशी उन्हात गेलेली सगळ्यांचीच माणसं सुखरूप घरी येवोत.

तात्पर्य: कुणाचा जीव जात असताना गोड बोलणं हे व्रत नव्हे, आणि जीव वाचवायला केलेला राग हे पाप नव्हे. आधी सावली द्यावी, मग हात जोडावेत.