हवेलीसमोरचं पोपटी घर

देसायांच्या हवेलीसमोर चंद्राक्का कासारणीचं घर होतं; पुढच्या ओसरीवर तिचं बांगड्यांचं दुकान. दिवाळीआधी तिनं भिंती हौसेनं पोपटी रंगवल्या. देसाई भडकले. तिला चावडीवर बोलावून गरजले, "पांढरा रंग दे, नाहीतर घर पाडतो! बाहेरच्या भिंती तुला कुठं दिसतात? सज्ज्यात बसून मला बघाव्या लागतात. ज्याला बघावं लागतं, त्यानंच रंग ठरवायचा!"

पंचांनी माना डोलावल्या.

चंद्राक्का हात जोडून म्हणाली, "न्याय पटला, सरकार. उद्याच पांढरा देते. पण दुकानात बसून दिवसभर मला तुमची हवेली बघावी लागते. तिला जांभळा द्या. आणि असा घोटून घ्या, की उन्हात वांग्यासारखी चकाकली पाहिजे!"

पंचांना हसू आवरेना. देसायांनी मिशीवरून हात फिरवला.

"तसा पोपटी डोळ्यांना थंड असतो," ते म्हणाले. "राहू दे."