लोखंडी पेटीवर हात

"दादाची पक्कड तुम्ही नेमगोंडाला का दिली, वस्ताद?"

हुसेन वस्ताद पिशवीतून टेस्टर शोधत राहिले. मिरजेतल्या कितीतरी घरांची वायरिंग त्यांच्या हातची. बोलणं मात्र मोजकं.

इंद्रजीत पुन्हा म्हणाला, "भाऊ माझा होता."

"हं..."

त्या हुंकारानं त्याचं डोकं आणखी फिरलं. थोरला विश्वजीत याच वस्तादांकडं शिकला. उन्हाळ्यात एका पिठाच्या गिरणीत मोटरला हात लागला आणि तिथंच चिकटला. तो गेल्यावर, शाळा कधीच सोडलेला इंद्रजीत आपणहून वस्तादांच्या दारात येऊन उभा राहिला. दादाची जागा आपलीच, असं तो धरून चालला होता. पण त्या जागेवर नेमगोंडा आधीच बसलेला. शांत, नीटनेटका, केसांना तेल लावून येणारा.

आज मानेबाईंच्या पोर्चमध्ये इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर बसवायचा होता. बाईंनी आल्या आल्या विचारलं होतं, तो दुसरा मुलगा का नाही करत हे, त्याचा हात चांगला आहे म्हणे. नेमगोंडा मागच्या अंगणात अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरत होता. मानाचं काम तेच, असं आता इंद्रजीतला वाटायला लागलं होतं.

चार्जरसाठी बोर्डात आरसीसीबी बसवला होता. जेवढा करंट गेला तेवढा परत आला नाही, वाटेत कुणाच्या अंगातून जमिनीत गळाला, तर पापणी लवायच्या आत लाइन तोडणारं यंत्र. चार्जर गाडीला लावला की ते खटकन पडायचं. उचललं की पुन्हा पडायचं.

"यंत्रच खराब आहे," इंद्रजीत म्हणाला.

"असेल. बघ." वस्ताद अंगणाकडं निघाले. "नाही सापडलं तर नेमूला पाठवतो."

ते वाक्य त्याच्या कानात तापत राहिलं.

त्यानं वायरीचा तुकडा दातांनीच सोलला. यंत्राला वळसा घालून लाइन डायरेक्ट जोडली. चार्जरवर हिरवा दिवा लागला, गाडी चार्ज व्हायला लागली. आता पाठवा म्हणावं त्या तेलकट डोक्याला.

वस्ताद परत आले. दिवा पाहिला. मग बोर्ड पाहिला... वळसा घातलेल्या वायरीवर त्यांची नजर थांबली.

त्यांनी स्विच बंद केला. चपला काढल्या. पोर्च नुकताच धुतलेला, अर्थिंगची वायर अजून जोडायची होती. ते ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले आणि चार्जरच्या लोखंडी पेटीवर त्यांनी तळहात टेकवला.

"चालू कर."

इंद्रजीत हसला. "काय वस्ताद..."

"तू जोडलंयस. चालू कर."

त्याचं बोट स्विचवर गेलं. समोर म्हातारा हात, वर आलेल्या शिरा. गिरणीतही कुणीतरी असंच केलं होतं. यंत्र सारखं पडतंय, दळण अडतंय, म्हणून डायरेक्ट. दादाच्या तळव्यावर काळा डाग होता. शेवटची अंघोळ घालताना इंद्रजीतनं तो घासून बघितला होता. निघाला नाही.

"कर की."

"नाही..."

"मी सांगतोय."

"नाही करत जावा. हात काढा आधी."

हात तिथंच.

इंद्रजीतनं मेन पाडला, बोर्ड उघडला, ती वायर हिसडून काढली. तेव्हा कुठं वस्तादांनी हात उचलला आणि ते चपला घालू लागले.

मग डोळे पुसत पुसत त्यानं एकेक वायर चाचपली. चूक न्यूट्रलमध्ये, करंट परत नेणाऱ्या वायरीत निघाली. घाईत ती त्यानं पोर्चच्या दिव्याच्या जुन्या बोर्डातून उसनी घेतली होती. करंट यंत्रातून जात होता आणि दुसऱ्याच वाटेनं घरी परतत होता. यंत्राचं काही चुकलं नव्हतं.

त्यानं न्यूट्रल यंत्रातून घेतली. अंगणातून आलेली अर्थिंगची वायर जोडली. मेन उचलून टेस्टचं बटण दाबलं. खट्. यंत्र पडलं. उचललं, चार्जर गाडीला लावला... या वेळी टिकलं.

वस्ताद बघत होते. शाबास म्हणाले नाहीत.

मागून नेमगोंडाचं खोकणं ऐकू आलं. इंद्रजीतनं बोर्डाचं झाकण बसवलं.

"वस्ताद... नेमूनं डायरेक्ट केलं असतं, तर ठेवला असता हात?"

वस्तादांनी अंगणाकडं पाहिलं. नेमगोंडा वाकून खड्ड्यात पाणी ओतत होता.

"नाही," ते म्हणाले. "नेमू माझं सगळं ऐकतो. चालू कर म्हटलं, की करतो."