बिनआवाजाची गाडी आणि मेहुण्याचं लग्न

खडकेवाडीत एक भोळा माणूस राहतो, असं पंचक्रोशीत सांगतात. तो मीच. 'भोळा' हे तोंडावर म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात ते माझ्या बायकोला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी मी गाडी घेतली. लाल, छोटी, बुटकी. थोडी पेट्रोलवर, थोडी बॅटरीवर चालणारी. आत बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं. शोरूममध्ये बटण दाबलं तर आवाजच नाही. सहा वेळा दाबलं. मग उतरून ढकलायला लागलो. तिथली मुलगी धावत आली. म्हणाली, "काका, बॅटरीवर असली की ही आवाज करत नाही. आवाज नसला तरी काम चालू आहे असं समजायचं."

मी समजलो.

दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गिरणीत गेलो. गिरणी गप्प होती. मी गहू ओतले, खाली डबा धरला आणि तासभर उभा राहिलो. हात भरून आले, डबा भरला नाही. शेवटी गिरणीवाल्यानं सांगितलं, लाइट सकाळीच गेलीय. वर म्हणाला, जिथं सगळं गप्प असेल तिथं थांबू नये, सरळ घरी जावं.

हेही पटलं.

त्याच आठवड्यात बायकोच्या मैत्रिणीचे सासरे वारले. बायकोला गाडीतून भेटायला नेलं. ओसरीवर वीसेक माणसं, सगळी गप्प. मी उंबऱ्यातूनच वळलो आणि सरळ घरी आलो. बायको संध्याकाळी एसटीनं आली. ती ओरडली नाही. हे वाईट लक्षण. तिनं शांतपणे समजावलं, "अहो, अशा वेळी लोकांत मान खाली घालून उभं राहायचं. घरातलं कुणी जवळ आलं की हळूच म्हणायचं, 'व्हायचं ते झालं, आता धीर धरा.' जमेल एवढं?"

मी पाठच केलं.

पुढच्या महिन्यात मेहुण्याचं लग्न निघालं. जनार्दन अडतीस वर्षांचा. अकरा मुलींनी नकार दिल्यावर बाराव्या ठिकाणी जमलेलं. नवरदेवासाठी माझीच गाडी ठरली. वाटेत मी 'स्पोर्ट' लिहिलेलं बटण दाबलं. गाडी अशी सुटली की वऱ्हाडाचा टेम्पो मागं दिसेनासा झाला. मांडवामागं आम्ही बॅटरीवर पोचलो, त्यामुळं आल्याचं कुणाला कळलंच नाही. मी उतरलो. जनार्दनाला उतरता येईना. फेटा छताला अडकला होता आणि कट्यार सीटबेल्टमध्ये. मुहूर्ताला दहा मिनिटं उरली होती.

मी मांडवात गेलो. लोक जमलेले होते. मान खाली घालून उभा राहिलो. मुलीचे वडील घाईनं जवळ आले आणि नवरदेव कुठं आहेत म्हणून विचारू लागले.

मी हळूच म्हणालो, "व्हायचं ते झालं. आता धीर धरा."

ते मटकन खाली बसले. सनई थांबली. भटजींनी पोथी मिटली. मुलीच्या आईनं हंबरडा फोडला, तसा अख्खा मांडव रडायला लागला. मलाही राहवेना. मीही रडलो.

तेवढ्यात डोळ्यांवर आलेला फेटा सावरत जनार्दन आत आला. सगळ्यांना रडताना पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं माझा हात धरला. "दाजी, कोण गेलं?"

घरातलाच माणूस होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "व्हायचं ते झालं, जनार्दन. आता धीर धर."